मशीनला न पटलेला चेहरा

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू सुधारेल.

आठवड्याभराने गुरुग्रामच्या ऑफिसात गेले. तिथे चेहरा दाखवला की दार उघडतं. मशीनवर लाल अक्षरं आली: व्यक्ती सापडली नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मॅम, थोडा स्माइल कीजिए ना." मी स्माइलच करत होते.

गार्डने पाहुण्यांचा पास दिला. रोज तोच पास. एके दिवशी मी बोटाने ओठ वर उचलून धरला, दुसऱ्या हाताने गाल ओढला, आणि दार उघडलं. मला चक्क आनंद झाला. त्या आनंदाची अजून किळस येते.

तशीच मॅनेजरकडे गेले. तो मुंबईचा, माझ्याशी मराठीतच बोलायचा.

"माझा नवा फोटो घे सिस्टिममध्ये."

"अगं, बरी झालीस की घेऊ. तो फोटो क्लायंटलाही दिसतो. तोपर्यंत व्हिडिओ कॉलवर चेहरा सरळ दाखवणारा फिल्टर लाव ना. हे बघ, बिल्कुल सरळ!"

त्याने लॅपटॉपचा कॅमेरा माझ्यावर धरला होता; स्क्रीनवर एक बाई माझ्यासारखी मान हलवत होती. तिचे दोन्ही गाल सारखे होते, आणि माझा मिटत नसलेला डोळा ती सहज मिटत होती.

"ही कोण?"

"तूच की!"

"मी इथे बसलेय. माझ्याकडे बघून बोल."

तो स्क्रीनकडेच बघत राहिला.

मी हट्टाने सिस्टिमसाठी वाकड्या तोंडाचाच फोटो काढून घेतला. पुढच्या कॉललाही फिल्टरशिवाय बसले. क्लायंट त्याबद्दल एका शब्दानेही काही बोलला नाही. त्यानंतर मात्र मला कॉलला बोलावणंच बंद झालं. विचारलं तर म्हणे, "तुला आराम मिळावा म्हणून."

घरी नवरा म्हणाला, "लावायचा होता ना यार फिल्टर. काय बिघडलं असतं?" मी उठून स्वयंपाकघरात गेले.

होळीपर्यंत चेहरा बराचसा जागेवर आला. मॅनेजरने लगेच बोलावलं. "चलो, आता पूर्वीसारखी दिसतेस. सोमवारपासून ये कॉलवर."

"नाही येणार," म्हटलं, आणि दुसरी टीम मागून घेतली. मी का रागावले, हे त्याला अजून कळलेलं नाही.