कळा थांबवायची गोळी

दवाखान्यात माणूस नुसता बसून असतो, म्हणून किस्से साठतात. लोणच्यासारखे मुरतात, आणि घरी आल्यावरच त्यांची चव कळते. आमच्या सारिकाला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि आम्ही पारनेरहून नगरला धावलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ निदान दोन दिवस तरी आत राहायला हवं, म्हणजे त्याच्या फुप्फुसांसाठी दिलेलं इंजेक्शन लागू पडेल. कळा थांबवायची गोळी सुरू झाली; मुळात ती बीपी उतरवायची.

*

गोळीनं लेकीचे गाल लालभडक झाले. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, जामखेडहून एसटीनं आल्या त्या दारातच थबकल्या. "कळा येत्यात का लाली लावून बसलीय?"

सिस्टरनं समजावलं, गोळीनं असं होतं. मग विहीणबाईंनी मला हळूच विचारलं, ही गोळी दुकानात मिळते का? त्यांच्या धाकटीला बघायला पाहुणे येणार होते.

*

पुढं छातीत धडधड आणि हातांना कापरं. कपातला चहा बशीत, बशीतला चादरीवर. शेजारच्या खाटेवरच्या पोरीबरोबर आलेल्या आजींनी ते पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि सारिकापुढं हात जोडले. "आई, आमच्या बोअरला पानी लागंल का?"

सारिका कापतच म्हणाली, "लागेल. पण आधी सिस्टरला बोलवा."

*

आता माझं. घरून निघताना मी देवीला बोलून बसले होते, की बाळ हातात येईपर्यंत अन्न घेणार नाही. इकडं डॉक्टरबाईंनी आनंदाची बातमी दिली, गोळी लागू पडतेय, कदाचित महिनाभरही निभेल! मी भिंत धरली. सिस्टरनं माझंच बीपी तपासलं, ते उतरलेलं निघालं, आणि विचारलं, "मावशी, गोळी तुम्ही घेतलीत का?"

शेवटी विहीणबाईंनी निकाल दिला, "देवीला सांगा, डॉक्टरनं तारीख वाढवली."

मी हात जोडून तसंच सांगितलं आणि भगर खाल्ली. देवी समजूतदार आहे.

*

कळा थांबल्या त्या थांबल्याच. दोन दिवस गेले, महिना गेला, नऊ महिने भरले, दिलेली तारीखही उलटली, तरी बाळ यायचं नाव घेईना. पुन्हा नगर, पुन्हा तोच वॉर्ड. त्याच डॉक्टरबाई म्हणाल्या, ठोके छान आहेत, पण आता कळा आणायचं औषध द्यावं लागेल.

विहीणबाईंनी सुनेच्या पोटाजवळ तोंड नेलं आणि नातवंडाला समजावलं,

"ये बाळा आता. तवा थांब म्हनल्या त्या डॉक्टर दुसऱ्या हुत्या."

डॉक्टरबाई खाटेच्या पायथ्याशीच उभ्या होत्या.