चाळीस टरफलं

हॉस्पिटलात त्यांना सगळे ग्रॅमबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती? रोग्यांना काय आणि किती खायला द्यायचं, हे ठरवणाऱ्या बाई त्या. भटारखान्याशेजारची खोली, एक टेबल, एक वजनकाटा, एवढ्यावर बावीस वर्षं काढलेली. आचारीमामा म्हणायचे, "या बाईंना स्वप्नात देव दिसला तरी आधी त्याला काट्यावर उभा करतील." ते कानावर आलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "करीन. दागिन्यांचं वजन वजा करून."

खोलीच्या भिंतीवर एक तक्ता होता, बाईंनी स्वतः केलेला. कोणत्या पदार्थात पैशाला किती प्रथिनं पडतात, याचा. सगळ्यात वर सोयाबीनच्या वड्या, मग डाळी, शेंगदाणे, त्याखाली अंडं, दूध, आणि पार तळाशी श्रीमंतांचे बदाम. बाजारभाव बदलले की बाई खोडरबर घेऊन स्टुलावर चढत. पोटच्या पोरावर असावा तसा त्या तक्त्यावर त्यांचा जीव.

आणि नेमका तोच उलटला.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी एक दिवस बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण काटकसरीचं वारं अंगात शिरलं की ऐकायचा नाही. "बाई, लांबच्या वॉर्डातलं दुपारचं अंडं एक तारखेपासून बंद. त्याऐवजी वड्यांचा रस्सा. प्रथिनं तेवढीच, खर्च एक तृतीयांश. मी नाही म्हणत, तुमचा तक्ता म्हणतो."

लांबचा वॉर्ड म्हणजे चाळीस खाटा आणि महिनोन् महिने पडून असलेली माणसं. वजन भरल्याशिवाय घरी सोडत नाहीत, आणि वजन तर कुणाचं भरत नाही. दिवसभरात त्यांच्या ताटात मनापासून बघावंसं काही असेल, तर ते एक उकडलेलं अंडं. ते जाणार, आणि तेही आपल्या हातच्या तक्त्यामुळे? बाईंनी ताडून बघायला पंधरा दिवस मागून घेतले. साहेबांनी दिले.

पहिल्या आठवड्यात वड्या, दुसऱ्यात अंडं. बाईंनी प्रत्येक खाटेचं ताट परत आल्यावर वेगळं जोखलं, उरलंसुरलं सगळं. आचारीमामांच्या नाकीनऊ आले. "बाई, उष्टं काय जोखायचं?" बाई म्हणाल्या, "मामा, मी बावीस वर्षं दिलेलं मोजलं. पोटात गेलेलं मोजलंच नाही. माझ्यासारखी शहाणी मीच."

वड्यांचा रस्सा निम्मा परत आला. दुसऱ्या आठवड्यात मात्र ताटांत रोज चाळीस टरफलं, एक कमी नाही की एक जास्त नाही. म्हणजे अंडं सगळं खाल्लं गेलं. बाईंना आकाश ठेंगणं झालं. साहेबांपुढे मांडायचा कागद त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

शेवटच्या दिवशी, केवळ हौसेखातर, त्या जेवणाच्या वेळी वॉर्डात गेल्या. भेटीची वेळही तीच. एकविसाव्या खाटेवरच्या सुतारबाबांनी अंडं सोललं, मीठ लावलं, आणि स्टुलावर बसलेल्या बायकोच्या हातावर अर्धं ठेवलं. म्हातारीनं ते मुकाट्यानं खाल्लं. पलीकडच्या खाटेवर तेच. त्याच्या पलीकडेही तेच. सतरा खाटांवर अंड्याचे वाटे पडले होते आणि टरफलं मात्र ताटातच राहिली होती.

बाई खिडकीत टेकल्या. हे लिहिलं तर अंडं गेलं. नाही लिहिलं तर कागद खोटा, आणि खोटा कागद त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. त्या तडक सुतारबाबांकडे गेल्या. "बाबा, ते अंडं तुमच्या अंगी लागावं म्हणून देतो हो आम्ही."

"माहीत आहे, बाई. पण ती सकाळपासून उपाशी असते. विचारलं तर म्हणते, जेवून आले. खोटं तिला येत नाही." सुतारबाबा ओशाळून हसले. "भुकेल्या माणसासमोर घास कसा उतरेल? मागच्या आठवड्यात तो रस्सा होता. रस्सा काय हातावर देता येतो? मग मी तिला लवकर घरी पाठवायचो, आणि ती गेली की जेवण जात नव्हतं."

बाई खोलीत परतल्या आणि त्यांनी ताटांची वही पुन्हा काढली. त्या सतरा खाटा. वड्यांच्या आठवड्यात त्यांची ताटं सगळ्यांत जड परत आलेली. अंड्याच्या आठवड्यात भात, डाळ, भाजी सगळं चाटूनपुसून साफ. अर्धं अंडं बायकोला गेलं होतं, पण त्यापायी अख्खं ताट नवऱ्याच्या पोटात गेलं होतं. बाईंना रडूच आलं, आणि मग स्वतःचा रागही आला.

सुवाच्य कागद फाडून त्यांनी नवा लिहिला, वाटून दिलेल्या अंड्यांसकट. साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे आपण नातेवाइकांना पोसतोय?"

"सतरा जणांना, अर्धं अर्धं. आणि तरीही पोटात गेलेलं सगळं जेवण धरलं, तर पैशाला जास्त पडतं ते अंड्याच्याच आठवड्यात. आकडे समोर आहेत. चुकले असतील तर दाखवा, मी तक्ता उतरवते."

साहेबांनी बराच वेळ चूक शोधली. मग म्हणाले, "राहू द्या अंडं."

बाई ही बातमी द्यायला लगबगीनं वॉर्डात आल्या. सुतारबाबांचं ताट तसंच पडलं होतं. स्टूल रिकामं.

"गुडघा धरलाय तिचा. पोरगी निरोप देऊन गेली," ते म्हणाले. "न्या बाई ताट. आज नाही जायचं."

बाईंनी बावीस वर्षांत रोग्याच्या वाट्याचं एक शीतही तोंडात घातलं नव्हतं. नियमच होता तो, त्यांनीच केलेला. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि हात पुढे केला. "द्या इकडं अर्धं. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

सुतारबाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग अंडं सोललं, मीठ लावलं, अर्धं त्यांना दिलं आणि ताट मांडीवर घेतलं. बाई तो अर्धा तुकडा कणाकणानं खात राहिल्या, बाबांच्या ताटातला भात संपेपर्यंत.