मोज्यातली गाठ

मला मुलं आवडत नाहीत असं नाही. टाके मोजताना आवडत नाहीत.

मोजा विणायला पाच सुया लागतात. चार सुयांवर सोळा-सोळा टाके आणि पाचवी फिरती. माझ्या सुया दुकानातल्या नाहीत. नवरा कुपवाडच्या ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथे त्याने स्टीलची बारीक सळई कापून, टोकं घासून त्या करून आणल्या. पाचाऐवजी आठ आणल्या, कारण धाकटी मुलगी सुया पळवते हे त्याला ठाऊक होतं. त्यातली एक तिने बेसिनच्या भोकात घातली, एक अजून सापडायची आहे.

विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत विणकाम बसवायचं तर नियम लागतात. माझा नियम साधा होता. पोटरी आणि तळवा कुठेही विणायचा, कारण तिथे हात आपोआप गोल फिरत राहतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार ओळी, थोरलीच्या शाळेच्या फाटकाशी सहा, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत दहा. टाच मात्र धाकटी दुपारी झोपल्यावरच. टाचेला अर्धे टाके बाजूला ठेवून एकेक कमी करत वळावं लागतं, आणि तिथे कुणी "आई" म्हटलं की सगळं मुसळ केरात. म्हणून घरात एक वाक्य तयार झालं, "थांब, मोजतेय."

खरं सांगायचं तर मी मोजत नसतानाही ते म्हणायचे. शी झाली, मोजतेय. बाहुलीचा हात निघाला, मोजतेय. मुली दारात गप्प उभ्या राहायच्या आणि मला बरं वाटायचं. धाकटी बोलायला लागली तेव्हा शेजारणीने तिला मांडीवर घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांब, मोदतेय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मोजे मी सासऱ्यांसाठी विणायचे. त्यांच्या उमेदीची वर्षं बर्फात चौक्या राखण्यात गेली. फौज सुटली, पण पायातला गारठा गेला नाही. वर साखरेचा आजार जडला आणि पाय बधिर झाले. कोयनानगरच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथे सासू, सासरे, धाकटा दीर आणि जाऊ राहायचे. दर महिन्याला दोन दिवस आम्ही सांगलीहून एसटीने जायचो.

जाऊ रोज संध्याकाळी सासऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुवायची, टिपायची आणि खाली आरसा धरून तळवे बघायची. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं. बधिर पायाला जखम झाली तरी कळत नाही. हे सगळं करून तिच्या वाट्याला काय यायचं, तर "पाणी लय गरम हाय" नाहीतर "पाणी थंड हाय". आणि मी महिन्यातून एकदा मोज्यांचा जोड घेऊन उतरले की सासरे पडवीत बसल्याबसल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवायचे. "थोरल्या सुनंनं विणल्यात. तिच्या हाताला गुण हाय." दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! जाऊ आतून ऐकायची. तिला ऐकू जावं असं मलाही वाटायचं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणी छातीवर बसलं असतं तरी कबूल केलं नसतं.

त्या खेपेला दुसरा मोजा अपुरा होता. टाच घरी वळून झाली होती, तळवा राहिला होता. कऱ्हाडपर्यंत बसायला खिडकी मिळाली, हात भरभर चालले. पाटण सुटलं, रस्त्याची वळणं सुरू झाली आणि मांडीवरची धाकटी लोकरीवर ओकली.

लोकरीचा गुंडा वाचला, कारण तो थोरलीने पिशवीत धरला होता. मधला वीतभर धागा मात्र पार भिजला. मी तो दातांनी दोन्हीकडे तोडून खिडकीबाहेर टाकला. अशा वेळी काय करायचं ते मला येत होतं. दहा-बारा टाके मागे उसवायचं, जुनं आणि नवं टोक जोडीने धरून विणायचं, म्हणजे आत काही टोचत नाही. सगळं मिळून पाव तासाचं काम. पण अंगावर घाण, धाकटी रडते आहे, पुढची बाई नाकाला पदर लावून वळून वळून बघते आहे, आणि मला तो जोड आज संध्याकाळी पडवीत द्यायचाच होता. मी दोन टोकांची गाठ मारली. एकीवर दुसरी, ओढून, घट्ट. आणि वरून दिसू नये म्हणून बोटाने आत ढकलली.

थोरली तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, तूच म्हणतेस ना, मोज्यात गाठ मारायची नसते? आबांना टोचेल."

मी तिच्या थोबाडीत मारली. सगळी एसटी वळली. मागची म्हातारी म्हणाली, "आगं, पोरीला का मारतीस?" मी म्हटलं, "मग न्या तुमच्या घरी." थोरली रडली नाही. गालावर हात ठेवून ती गुंडा सांभाळत बसली, आणि उतरायच्या आधी माझा मोजा पूर्ण झाला.

सासऱ्यांना तो जोड इतका आवडला की ते काढेनात. थंडी कडक पडली होती. आम्ही सांगलीला परतलो आणि पुढचे चार दिवस त्यांनी जावेला पाय धुऊ दिले नाहीत. ती तांब्या घेऊन उभी राहायची आणि ते म्हणायचे, "थोरल्या सुनंचं मोजं हायती. ऊब जातीया. उद्या बघ." त्या पायांवर बूट चढवून ते रोज वरच्या शेतापर्यंत जाऊन यायचे. पाचव्या दिवशी जावेला वास आला. तिने त्यांचं ऐकलं नाही, मोजा ओढून काढला. मोज्याबरोबर तळव्याचं कातडं आलं.

कऱ्हाडच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर विचारत होते, "रोज पाय कोण बघतं?" आणि सगळे जावेकडे बघत होते.

आधी दोन बोटं गेली, मग गुडघ्याखालून पाय. पहिल्याच दिवशी नर्सने सासऱ्यांचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी बाथरूममध्ये जाऊन तो मोजा उलटा केला. गाठ होती तिथेच होती, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, वाळलेल्या रक्ताने काळी आणि मुगाच्या दाण्याएवढी टणक झालेली. मी ती नखांनी तोडली, संडासात टाकली आणि पाणी ओतलं. वळले तर दारात थोरली. तिने नुसता गालावर हात ठेवला.

बाहेर व्हरांड्यात सासूबाईंनी तोंड सोडलं होतं. "चार दिस! माणसाचा पाय कुजतोय आन हिला पत्ता न्हाई. बसून खाती नुसती."

जाऊ म्हणाली, "आत्या, आबा मोजं काढू देत नव्हतं. मी रोज पाणी घेऊन जात हुते." कुणी ऐकेना, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आक्का, तुमी तरी सांगा. तुमाला ठावं हाय मी कवा चुकवत न्हाई ते."

मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "तरी बघायला हवं होतंस गं."

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण थोरल्या सुनेनेही तेच म्हटलं म्हटल्यावर निकाल लागला. पुढे घरी सासूबाई तिच्या हातचं पाणी घेईनात. नात्यातल्या लग्नात बायका तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजायच्या, "हिनंच सासऱ्याचा पाय घालवला." सहा महिन्यांत दीर तिला घेऊन कऱ्हाडला भाड्याच्या खोलीत गेला. मी मनाशी म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि रात्र-रात्र घोरून झोपायचे, याची आता जास्त लाज वाटते.

गावाकडे करणारं कुणी उरलं नाही, म्हणून सासू-सासरे आमच्याकडे विश्रामबागेत आले. तांब्या माझ्या हातात आला.

एका दुपारी गॅलरीत उन्हाला बसवून मी त्यांचा उरलेला पाय पुसत होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. सासरे म्हणाले, "थंडी येतीया. मोजा विण. एकच लागतोय आता, तुझं काम निम्मं झालं." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "आन या येळला गाठ मारू नगंस."

मी टॉवेल बाजूला ठेवून वर बघितलं.

"पयल्या दिशीच लागली हुती बोटाला," ते म्हणाले. "फौजेत मोजा आत हात घालून बघितल्याबिगार घालत न्हाईत."

"मग घातलात कशाला?"

"मला कुठं टोचतंय? म्हटलं सुनंनं एवढं विणलंय, राहू दे."

"आणि दवाखान्यात का नाही बोललात? तिला सगळे..."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "ती तशी बी येगळं ऱ्हायचं म्हणतच हुती. जाणारीचं नाव गेलं तर गेलं. तुझं नाव घेतलं असतं, तर मला बघणार कोण?" आणि लगेच, त्याच आवाजात, "चहा टाक. साखर घाल जरा."

मी साखर घातली. दुसऱ्या दिवशीही घातली. पहिल्यांदा अर्धा चमचा, मग दीड. त्या पायाचं काय होईल ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि कप त्यांच्या हातात देताना मला कीव येत नव्हती. म्हाताऱ्याचा राग यायचा. आम्ही दोघं एकमेकांना पुरते ओळखून होतो.

थोरली आता नऊ वर्षांची आहे. एक दिवस तिने माझ्या हातातला आरसा घेतला. तेव्हापासून आबांचा पाय तीच बघते. मोजा घालायच्या आधी तो उलटा करते, आत बोटं फिरवते, मग घालू देते. हे करताना ती माझ्याकडे बघत नाही. साखरेचा डबाही एकदा तिने उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी स्टूल घेऊन तो खाली काढला.

गेल्या महिन्यात जाऊ आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. सासरे आजारी आहेत असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. हातात पपई घेऊन ती दाराशी उभी राहिली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी पाण्याचा तांब्या दिला. ती खाली बसली आणि सवयीने तिची नजर आधी गेली ती त्यांच्या पायाकडे.

सासूबाई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "आता बघून काय उपेग? बघायच्या येळंला बघितलं न्हाई."

थोरली आतून आली. त्याच सकाळी मी सुयांवरून उतरवलेला मोजा तिच्या हातात होता. तो तिने जावेच्या मांडीवर ठेवला. "काकू, आत हात घालून बघ. यात गाठ नाही. त्या वेळच्यात होती. आईनं एसटीत मारली होती."

मग सासरे डोळे न उघडता म्हणाले, "पोरगं हाय. काय बी बोलतंय. खोटं बोलायची सवय लागलीया तिला."

माझा हात वर गेला. शपथेवर सांगते, कशासाठी गेला ते मला कळलं नाही, तो आपोआप गेला. थोरलीने तो बघितला. ती मागे सरली नाही. तिने डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

मी म्हणाले, "खरं आहे ते. गाठ मीच मारली होती."

जाऊ माझ्याकडे बघत होती. तिने एकच विचारलं, "दवाखान्यात मी तुमाला बोलले, तवा तुमाला ठावं हुतं, आक्का?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

तिने मोजा उलटा केला, आतून बोटं फिरवली, पुन्हा सुलटा केला. सासऱ्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा नीट बघितला आणि मोजा घातला, टाच टाचेवर बसेपर्यंत. मग पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

थोरली अजून तिथेच उभी होती, डोळे मिटून, गाल पुढे करून.