सरळ रेषेतलं माहेर

माझं लग्न नकाशावर पट्टी ठेवून ठरलं. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. स्थळ नांदेडचं, मुलगा तिथल्या विमानतळावर कारकून. माझी आई, म्हणजे अव्वा, नकोच म्हणत होती. "लई लांब हाय. लेकीला बघावंसं वाटलं तर कशी जाऊ मी?" तेव्हा मध्यस्थी करणाऱ्या मामांनी माझाच शाळेतला नकाशा मागवला आणि सोलापूरवरून नांदेडवर पट्टी टेकवली. "चार बोटं बी न्हाईत की! तितं विमानतळ, हितं होटगी रोडला विमानतळ. तासाभरात लेक दारात." माझ्या वडिलांना, अप्पांना, ते लगेच पटलं. विमान कुठलं, आणि त्यात आमच्यासारख्यांना कोण बसवतं, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही.

नांदेडच्या त्या धावपट्टीवर मी विमानांपेक्षा म्हशीच जास्त पाहिल्या. अधूनमधून एखादा पुढारी उतरायचा, तेवढंच. माहेरी जायचं तर सकाळची एसटी धरायची, लातूरला गाडी बदलायची आणि दिवेलागणीला हाडं खिळखिळी होऊन सोलापुरात उतरायचं.

पहिल्या बाळंतपणाला न्यायला भाऊ आला, पण डॉक्टरीणबाईंनी एसटीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. तो एकटाच परत गेला. लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण करायची आमच्यात रीत नव्हती. मला तर अव्वाच जवळ हवी होती, दुसरं कुणी नको होतं. तेवढ्यात कळलं, एक पुढारी विमानानं नांदेडहून सोलापूरला जाणार आहेत. नवऱ्यानं विमानतळावरच्या आपल्या साहेबांपुढे हात जोडले. साहेब म्हणाले, "बघू." आमच्या घरी बघू म्हणजे होकार, कचेरीत बघू म्हणजे नकार. नवरा त्याच कचेरीतला, त्याला तरी कळायला हवं होतं. त्यानं हुरळून सोलापूरला तार केली.

मी ट्रंक घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी राहिले. विमानातल्या रिकाम्या जागेवर केळीचे घड चढले. पुढाऱ्यांना भेट आले होते म्हणे. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "वजन जास्त होतंय." केळी मेली जशी कापसाचीच होती!

सासरीच बाळंत झाले. मुलगी. अव्वा बारशाला आली ती सुजलेल्या पायांनी, एसटीनं. तार मिळाल्यावर ती होटगी रोडला कुंपणापाशी जाऊन उभी राहिली होती. "विमान उतरलं तवा मी हात केला," ती म्हणाली. "लोक हसले गं. म्हणाले, म्हातारे, पुढाऱ्याला कशाला बोलावतीस?"

मला सगळ्यांचाच संताप आला, मामांचा, अप्पांचा, नवऱ्याचा. अव्वानं नातीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "हिला मातुर गावातच देऊ."

मी बारा दिवसांची पोर तिच्या मांडीवरून उचलली आणि भिंतीकडं तोंड करून पाजायला बसले.