परत न गेलेलं पाचवं पुस्तक

ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले आणि लायब्ररीचं पत्र आलं. नेलेल्या पाच पुस्तकांपैकी चार परत आली आहेत, पाचव्याची मुदत उलटली आहे, कृपया शोधावं. पत्र ह्यांच्याच नावाने होतं.

मला राग आला. राग आला हे लक्षातही आलं, कारण तीन आठवड्यांत तेवढंच काही आलं होतं. बाकी सगळं बधिर होतं. दाताच्या डॉक्टरकडून परत येताना गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं.

जुलैतल्या एका सकाळी हे हॉस्पिटलला ड्यूटीवर निघाले होते. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या थंडीत गाडीच्या काचेवर दंव जमतं, ते खरवडताना खाली बसले आणि उठले नाहीत. मी त्याच दिवशी याद्या करायला घेतल्या. पुण्याला कुणाकुणाला तार करायची. कुठले कागद कुठे द्यायचे. शेजारणींनी जेवण भरून आणलेली काचेची भांडी कुणाची कुणाला परत करायची. एरवी माझ्या प्रत्येक यादीच्या डोक्यावर श्री असतो, अगदी बटाटे-कांद्याच्या यादीवरही. या याद्यांवर नव्हता. दुसऱ्या यादीतला अकरावा मुद्दा होता, ‘लायब्ररीची पुस्तकं, चार, परत’. तो मी फुटपट्टी लावून खोडला होता. म्हणजे चूक माझ्या यादीत होती, आणि ते मला चालणार नव्हतं.

पुस्तक कसलं होतं ते मला माहीत होतं. ह्यांना त्या मालिकेचं वेडच लागलेलं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक दमट शहर, मोठमोठे व्हरांडे असलेली घरं आणि घरोघरी जाऊन पियानो सुरात लावून देणारी एक विधवा बाई. ती ज्या घरी जाईल तिथे कुणीतरी मेलेलं असायचं. पण रक्त कुठे दिसायचं नाही, दोन पानांनी कुणीतरी केक कापायचं, आणि पोलिसांच्या आधी खुनी सापडायचा तो या बाईलाच. मीही त्यांतली दोन-तीन वाचली. मी कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान वाचते. त्यावर हे म्हणायचे, “अगं, तू पोळी करायच्या आधी ताट घासून ठेवशील.” मी म्हणायची, “अहो, मग निवांत जेवता तरी येतं.”

घर शोधलं. कपाटं, पलंगाखाली, ह्यांची बॅग, गराज. मुलगी ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीत होती, तिचा फोन आला.

“आई, इट्स जस्ट अ बुक. हरवलं म्हणून सांग ना त्यांना.”

“हरवलेलं नाहीये. सापडलेलं नाहीये.”

“सेम थिंग, आई.”

“नाही.”

शनिवारी लायब्ररीत गेले. टेबलावरच्या बाईंनी ह्यांना ओळखलं. वाईट वाटल्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “दर गुरुवारी एक वाजता यायचे. ज्यात बोलणं जास्त आहे असं पुस्तक द्या म्हणायचे. वर्णनं नकोत, माणसं बोलली पाहिजेत.”

गुरुवारी एकला हे लायब्ररीत असणं शक्य नव्हतं. माझ्या फ्रिजवर आठवड्याचा तक्ता असायचा आणि त्यात दोन वर्षं गुरुवारपुढे ‘ह्यांचं दुपारचं क्लिनिक, सहापर्यंत’ असं लिहिलेलं होतं. ह्यांनीच सांगितलं होतं. मी बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात पाचपर्यंत असायचे, त्यामुळे पडताळायचा प्रश्न कधी आला नाही.

सोमवारी ऑफिसातून हॉस्पिटलला फोन केला. तिथली अपॉइंटमेंट देणारी मुलगी म्हणाली, “गुरुवार? तो तर डॉक्टरांचा हाफ डे होता, लव्ह. दोन वर्षं झाली.”

मी काय समजले ते सरळ लिहिते. मला वाटलं, बाई आहे. फोन ठेवला, मक्याच्या बियाण्याची तीन पत्रं टाइप केली, एकही चूक झाली नाही. संध्याकाळी गाडीच्या खणातली वही काढली. ती वही मीच ठेवलेली. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर आणि गावाचं नाव लिहायचं, असा माझा नियम, आणि हे कुरकुरत का होईना तो पाळायचे. गुरुवार, गुरुवार, गुरुवार. पश्चिमेला तासाभरावर असलेल्या एका गावाचं नाव ह्यांच्या डॉक्टरी अक्षरात पानोपानी होतं. लपवायचं असतं तर माणूस असं लिहून ठेवत नाही. हे आज सुचतं. तेव्हा मी फक्त किलोमीटरची बेरीज पडताळून पाहिली. ती बरोबर होती.

गुरुवारी अर्धी रजा घेतली. काय विचारायचं त्याची यादी केली, चार प्रश्नांची. पहिला होता, पुस्तक कुठे आहे.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं. त्या गावात एकच पेट्रोल पंप. पंपावरच्या माणसाने माझ्याकडे बघायच्या आधी गाडीकडे बघितलं.

“डॉकची गाडी ना ही? म्हाताऱ्या स्टेशनमास्तरकडे निघालात? रुळांच्या पलीकडचं शेवटचं घर.”

स्टेशनमास्तर. मी इंजिन बंद करून दोन मिनिटं तिथेच बसले. मग गेले.

पत्र्याचं घर, पाण्याची टाकी, पुढे लाकडी व्हरांडा. व्हरांड्यात एक उंच म्हातारा वेताच्या खुर्चीत बसलेला. गाडी फाटकाशी थांबली तसा मान न वळवता ओरडला, “उशीर केलास, मेट! चार गुरुवार! मला वाटलं, तुझ्या पियानोवालीने तुलाच पकडून नेलं!”

त्याला दिसत नव्हतं. गाडीच्या आवाजावरून ओळखलं होतं. म्हणजे त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला कळवायचं, हे माझ्या एकाही यादीत नव्हतं.

पायऱ्यांशी उभी राहून मी सांगितलं. काय शब्द वापरले आठवत नाही, थोडेच असणार.  त्याने शेजारची खुर्ची हाताने चाचपून माझ्याकडे सरकवली.

“तुम्ही यादीवाल्या,” तो म्हणाला.

“हो.”

त्याने सांगितलं ते असं. साखरेच्या आजाराने त्याची नजर गेली, तेव्हा तो ह्यांच्या वॉर्डात होता. आयुष्यभर गाड्यांच्या मधल्या वेळात रहस्यकथा वाचणारा माणूस. शेजारच्या पलंगावर कुणीतरी एक पुस्तक विसरून गेलेलं, त्यातलं एक प्रकरण ह्यांनी त्याला वाचून दाखवलं. मग पुढे काय झालं ते दोघांनाही हवं होतं. दोन वर्षं दर गुरुवारी हे येत होते. एक प्रकरण, चहा, आणखी एक प्रकरण, खुनी कोण यावर वादावादी.

“नेहमी चुकायचा तो,” म्हातारा म्हणाला. “अठरा पुस्तकांत एकदाही बरोबर नाही. कसला डॉक्टर म्हणायचा!”

“मला का नाही सांगितलं त्यांनी?” माझ्या यादीतला हा चौथा प्रश्न. दुसरा आणि तिसरा आता लागत नव्हते.

तो जरा अवघडला. “मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, बॉसला, म्हणजे तुम्हाला, कळलं तर सोमवारपर्यंत गावातल्या सगळ्या बायकांच्या ड्यूट्या लागतील. एक वाचायला, एक फरशी पुसायला, एक डाळ-भात घेऊन. तुला जरासुद्धा निवांतपणा मिळणार नाही, मेट, आणि मलाही.”

“सोमवारपर्यंत नाही,” मी म्हणाले. “रविवारी संध्याकाळीच लागल्या असत्या.”

तो मोठ्याने हसला. मी हसले की नाही, मला माहीत नाही. ते खोटं नव्हतं. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात त्याच्या घराची यादी तयार झालेलीच होती. पायरी सैल, पडदे धुवायचे, औषधांच्या बाटल्यांना रबरबँड लावायचे, म्हणजे हाताला कळतील. बाई असती तर मला तिचा राग तरी करता आला असता. इथे राग कुणाचा करायचा? माझ्या नवऱ्याला आठवड्यातली एक दुपार अशी हवी होती, जी माझ्या तक्त्यात बसणार नाही. एवढंच. आणि ती मिळवायला तो खोटं बोलला होता, आयुष्यात कदाचित एकदाच.

“पुस्तक आत आहे, रेडिओवर,” तो म्हणाला. “परत न्यायचं असेल ना? घेऊन जा. नो वरीज.”

आत गेले. पुस्तकात खूण म्हणून घडी घातलेला कागद होता. माझीच जुनी यादी. वर श्री, खाली दूध, बटाटे, कोथिंबिरीचं बी, ह्यांच्या बुटांना टाच. प्रत्येक ओळीपुढे ह्यांच्या पेन्सिलीची बरोबरची खूण. बुटांची टाच लावलेली होती, मीच ते बूट पिशवीत भरून दान दिले होते. खुणेच्या पुढे तीन प्रकरणं उरली होती.

व्हरांड्यात येऊन बसले. अंगठा सवयीने शेवटच्या पानाकडे गेला. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण पानांचा आवाज त्याने ऐकला.

“शेवट बघू नका हं,” तो म्हणाला. “तो म्हणाला होता, तुम्ही बघता.”

अंगठा काढून घेतला. खूण होती तिथून वाचायला लागले. पियानोवाली बाई न्यायाधीशाच्या घरी चहाला आली होती आणि पियानोची एक पांढरी पट्टी दाबली जात नव्हती. मी एका शब्दावर अडखळले, उच्चार चुकला असणार.

“डॉकसुद्धा तो असाच म्हणायचा,” म्हातारा म्हणाला. “चालू दे.”

एक प्रकरण वाचलं. चहा त्याने केला, चाचपत, न सांडता. मी मदतीला उठले नाही, हात मांडीखाली दाबून बसले. दुसरं प्रकरण वाचलं. उन्हं गव्हावरून निघून गेली, थंडी वाजायला लागली. रडू येईल असं मला वाटलं होतं. नाही आलं.

“खुनी न्यायाधीशाची बहीण,” मी म्हणाले.

“चूक,” म्हातारा म्हणाला. “तुम्हीपण त्यातल्याच.”

एक प्रकरण राहिलं. पुस्तक तिथेच रेडिओवर ठेवलं. शनिवारी लायब्ररीत जाऊन मुदत वाढवून घेतली. कार्डावर शिक्का मारताना बाईंनी विचारलं, “सापडलं का?” मी म्हणाले, “हो. वाचून व्हायचंय.”

रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा तक्ता केला. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग गुरुवार आला. पेन टेकवलं, उचललं, शुक्रवार लिहिला. गुरुवारपुढे मी काही लिहिलं नाही.