पलीकडच्या देशाचे दात

कवळीमास्तरांचा पलीकडच्या देशावर दात होता. आणि पलीकडच्या देशातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात मास्तरांनीच बसवलेले होते.

मास्तर शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते, शिकायलाही बेताचेच गेले होते. पण नदीवरच्या पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी, चहाच्या दुकानावरच्या खोलीत, ते अर्धं आयुष्य कवळ्या बनवत आले होते. ज्याच्यापुढे गावातला भलाभला आ वासून बसतो त्याला मास्तर म्हणायचं नाही तर कुणाला? खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मेणाचा वास भरलेला, खिडकीशी पॉलिशचं यंत्र. दाराशी खुर्च्या, आणि खुर्च्यांवर बहुतेक सगळी पुलापलीकडची मंडळी. तिकडे पगार मोठे आणि दात त्याहून महाग. म्हणून तिकडचे म्हातारे बोळक्या तोंडानं अलीकडे यायचे आणि हसत परत जायचे.

या हसण्याचाच मास्तरांना राग यायचा.

मास्तर सहा भावंडांतले पाचवे. घरात पातेलं एक. थोरल्याच्या ताटात जास्त पडलं की पाचव्याच्या ताटात कमी पडतं, हे त्यांना बोलता यायच्या आधी कळलं होतं. पुढे मोठं झाल्यावर त्यांनी हाच न्याय सगळ्या जगाला लावून टाकला. जगातली श्रीमंती म्हणजे एक पातेलं. एखादा देश गुबगुबीत झाला की समजायचं, कुणाचा तरी घास गेला. पलीकडचा देश गेली कित्येक वर्षं वर वर चालला होता. घास कुणाचा गेला, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळच्या बातम्यांत पलीकडचा देश एक पायरी वर चढला असं सांगितलं, की मास्तर जेवण टाकून ताट दूर सारायचे. बायको त्यांच्यासोबत कामाला असायची; प्लास्टर कालवणं, साचे भरणं तिच्याकडे. ती म्हणायची, "अहो, त्यांच्याकडे नवं इस्पितळ झालं तर आपलं नदीत पडलं का?"

"तुला कळायचं नाही. हे अर्थशास्त्र आहे."

"असेल. पण पातेल्यातलं शिजवतं कोण, ते तुमच्या अर्थशास्त्रात कुठं येतं?"

मास्तर टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गिऱ्हाइकांशीही ते याच विषयावर हुज्जत घालत. फक्त त्यांचे बहुतेक वाद समोरच्याच्या तोंडात मापाचा लगदा भरलेला असताना होत, त्यामुळे ते सहसा हरत नसत. त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडचा एक ट्रम्पेटवाला. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. त्याच्या कवळीत केसाइतका फरक पडला तरी सूर घसरायचा, म्हणून मास्तर त्याचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि प्रत्येक मापाला त्याच्या देशाला नव्यानं चोर ठरवायचे. ट्रम्पेटवाला "ऊं, ऊं" करायचा. मास्तर म्हणायचे, "बघा, कबूल आहे ना?"

मग एका हिवाळ्यात पलीकडच्या बँका एकामागून एक आडव्या झाल्या. कारखान्यांना टाळी लागली. तिकडच्या नोटेला कुणी विचारेना.

मास्तरांनी गल्लीत मिठाई वाटली. खाली चहावाल्याला दिली, शेजारच्या चष्मेवाल्याला दिली. "आता बघत राहा," ते म्हणाले, "पैसा काही हवेत विरत नाही. तिकडून निघाला म्हणजे पुलावरूनच येणार. दुसरा रस्ताच कुठाय?" आणि येणाऱ्या श्रीमंतीला बसायला जागा हवी म्हणून त्यांनी आणखी खुर्च्या आणल्या. पॉलिशचं दुसरं यंत्रही घेतलं.

पुलावरून कुणीच आलं नाही. पैसा सोडा, माणूस आला नाही. खुर्च्या रिकाम्या. दुसरं यंत्र खोक्यातच राहिलं. खाली चहावाला दुपारीच स्टोव्ह विझवून झोपायला लागला. चष्मेवाल्यानं तर दुकानाला कुलूप लावलं आणि जाताना वर येऊन सांगून गेला, "मास्तर, तुमची मिठाई फार महागात पडली हो."

फळीवर तयार कवळ्यांच्या डब्या होत्या, तिसेक तरी असतील. पलीकडच्यांनी मापं दिली होती, पण घ्यायला कुणी फिरकलं नव्हतं. बायको धूळ झटकताना म्हणाली, "घ्या. आता त्यांचे दातसुद्धा आपल्याकडे आले. श्रीमंत झालात."

मास्तरांना ते चांगलंच लागलं. त्यांनी गुपचूप त्यातली एक कवळी चहावाल्याच्या बापाच्या तोंडात बसवून पाहिली. बापानं दोनदा चावलं आणि कवळी हातात काढून दिली. "ही कुणा बाईची आहे वाटतं. माझा जबडा हिच्यात मावत नाही आणि हिची बडबड माझ्यात मावत नाही." कवळी एकाच तोंडाची असते हे मास्तरांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. ते स्वतःलाच कधी ऐकू गेलं नव्हतं. तिकडे माणसं जेवणाला मोताद आणि त्यांचे दात इकडे डबीत, आणि ते इकडेही कुणाच्या कामाचे नाहीत. मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि पुलाकडे निघाले.

चौकीवरच्या शिपायानं पिशवी उघडली आणि एक पाऊल मागे घेतलं. "हे काय?"

"दात."

"कुणाचे?"

"तुमचेच. म्हणजे तुमच्या लोकांचे."

"तुमच्याकडे कसे आले?"

"तेच तर परत करायला आलोय."

शिपायानं दोन डब्या उघडून पाहिल्या, स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "यात माझ्या सासूची आहे का बघा. नसली तरी चालेल."

मास्तर पुलापलीकडच्या गावात पहिल्यांदाच येत होते. इतकी वर्षं शिव्या दिल्या, पण पूल कधी ओलांडला नव्हता. त्यांना वाटलं होतं, पलीकडे सोन्याच्या चौकटी असतील. पाहतात तर त्यांच्याच गल्लीसारखी गल्ली, निम्मी दुकानं बंद. ट्रम्पेटवाला पायरीवर बसला होता. जुनी कवळी तुटलेली, ओठ आत गेलेले, माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. मास्तरांना पाहून तो उठला आणि म्हणाला, "मास्तर, द्यायला काही नाही हो माझ्याकडे."

"आधी आ करा."

पिशवीतली त्याची नवी कवळी बसली. मास्तरांनी बाजूला जरा घासली, पुन्हा बसवली. आज त्याच्या तोंडात लगदा नव्हता, तरी मास्तरांना वाद घालायचं सुचलं नाही. त्यांनी खरोखरच विचारलं, "तुमचं एवढं सगळं होतं. ते गेलं कुठं? आमच्याकडे तर आलं नाही."

ट्रम्पेटवाला हसला. "कुठं जाणार? लग्नं झाली नाहीत, आम्ही वाजवलं नाही. न वाजवलेलं ट्रम्पेट दुसऱ्याच्या दारात जाऊन वाजत नसतं, मास्तर."

मग आतून ट्रम्पेट आणून तो चौकात उभा राहिला. पहिला सूर फाटला, दुसरा जरा सरळ निघाला, तिसऱ्याला खिडक्या उघडल्या. तो ओरडला, "ज्यांचे दात यायचेत त्यांनी या!" म्हातारे कोट चढवत, चपला शोधत बाहेर आले. मास्तरांनी बाकावर बसून एकेकाला दात घातले. नोटा कुणी काढल्या नाहीत, काढल्या असत्या तरी त्यांचा उपयोग शून्य. कुणी घरचं विणलेलं जाड ब्लँकेट दिलं, एका चांभारानं तिथल्या तिथं मास्तरांच्या पायाचं माप घेतलं, एका बाईनं जिवंत कोंबडी बगलेत कोंबली. शिपायाच्या सासूची कवळी निघाली. शिपाई हिरमुसला.

घरी बायकोनं कोंबडीकडे पाहिलं, ब्लँकेट चाचपलं आणि म्हणाली, "हे तिथं कमी झालं असेल ना?"

"कोंबडीला विचार," मास्तर म्हणाले. पण त्या दिवसापासून दर बुधवारी ते पूल ओलांडू लागले.

पलीकडचा देश सावरायला बरीच वर्षं गेली. हळूहळू लग्नं वाजू लागली, खुर्च्या भरल्या, चष्मेवाला परत आला. बातम्यांत तो देश एक पायरी वर चढला तेव्हा मास्तरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बायकोला वाटलं, चला, सुधारले. मास्तर भुरका मारून म्हणाले, "चांगलं झालं. आता त्या डोंगरापलीकडच्या देशाची जिरेल." बायकोनं कपाळाला हात लावला.

मग पलीकडे एका तरुण बाईनं कवळ्यांचं दुकान उघडलं. मास्तरांनी हाय खाल्ली: आता निम्मी तोंडं गेली! तोंडं गेली नाहीत. ती अवघड जबडे त्यांच्याकडे पाठवायची, "हे मला जमत नाही, काका" असा निरोप देऊन. आणि मास्तरांचे डोळे अधू झाल्यावर बारीक काम ते तिच्याकडे पाठवू लागले. पुढे मास्तरांचेच दात हलायला लागले. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःला घेता येत नाही. ते कुरकुरत तिच्या खुर्चीत बसले.

तिनं केलेली कवळी झकास बसली. आधी "श" म्हणताना शिट्टी वाजली, तिनं जरा घासल्यावर तीही थांबली. मास्तरांनी आरशात पाहिलं, तिला पैसे दिले आणि घरी येईपर्यंत वाटभर तणतणत राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"शुद्ध लुटारू आहेत लेकाचे," मास्तर म्हणाले. "सगळा देश लुटारू." आणि त्यांनी कडक टोस्ट उचलला, कितीतरी महिन्यांनी, आणि कडाकड चावून खाल्ला. मग दुसरा मागितला.