माठातला हॅमस्टर

बहिणीची पुण्याला बदली झाली, तेव्हा तिनं पाळलेला हॅमस्टर, गुबगुबीत उंदरासारखा प्राणी, आमच्या परभणीच्या घरी आणून ठेवला. "मूठभर दाणे टाकले की झालं," म्हणाली. मी झरीच्या शाळेत शिकवायची. रोजचं अप-डाऊन, आले की स्वयंपाक, मग वह्या. त्यात आणखी एक तोंड.

एप्रिलात तो कूलरसमोरही धापा टाकायला लागला. सातवीतली लेक म्हणाली, "आई, तुझ्या शाळेमागच्या शेतात सोड ना. मोकळा राहील." खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी भोकं पाडलेल्या डब्यात घालून सकाळच्या बसनं त्याला झरीला नेलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी डब्यात डोकावून बघितलं. "मॅडम, ह्याला शेपूट कुठाय? कुठला म्हनायचा हा?"

मी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवर, गव्हा-हरभऱ्याच्या रानात राहतो. जमिनीत खोल बीळ करतो, एका बिळात एकटाच. दाणे गालात भरून आत नेतो. दिवसाचा बराच वेळ आतच.

"गहू-हरभरा तर हितंबी हाय," मावशी म्हणाल्या. "पर माती काळी. आत्ता भेगा पडल्यात, पाऊस लागला की निस्ता चिखल. बिळातच बुडून मरंल. अन् साप लय हायेत. त्यापरीस माठात कोरडी मुरमाड माती भरा, त्यात राहू द्या."

त्यांनीच पिशवीभर माती चाळून दिली. बसमध्ये जागा नव्हती. एका हातात डबा, दुसऱ्यात माती, परभणीपर्यंत उभी आले.

गळका माठ भरून वर थोडा कापूस टाकला आणि त्याला ठेवलं. थोडा वेळ हुंगत बसला, मग उकरायला लागला आणि तासाभरात दिसेनासा झाला. मग दिसलाच नाही. संध्याकाळी टाकलेले दाणे मात्र सकाळी नसायचे.

"दिसतच नाही, तर पाळायचा कशाला?" लेक कुरकुरली.

"जिवंत आहे ना? मग राहू दे की त्याला," मी म्हणाले.

पुढं तिचं लक्ष उडालं. दाणे मीच टाकत राहिले. थंडीत एकदा ते तसेच राहिले, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हातानं माती काढली. तळाशी कापसात तो अंगाचं मुटकुळं करून पडला होता, गार. शेजारी ओंजळभर ज्वारी साठवलेली.

लेक क्लासहून येईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.